प्रीमस यानाखची बिनलांबीची गाडी

प्रीमस यानाखचं नाक आयुष्यात तीनदा मोडलं, आणि तिन्ही वेळा मोडणारा माणूस पुढं त्याचा जिवलग झाला. पहिल्यांदा शाळेच्या मागं, दुसऱ्यांदा सैन्यात, आणि तिसऱ्यांदा चक्क स्वतःच्या लग्नात, मेव्हण्याच्या हातून. त्या वेळी नवरीनं, म्हणजे लोनीनं, डोक्यावरचं पांढरं जाळीदार वस्त्र टराटरा फाडलं, त्याचे बोळे करून नवऱ्याच्या दोन्ही नाकपुड्यांत कोंबले आणि म्हणाली, "चल, वाजंत्री खोळंबलेत." मग दोघं लिंडनच्या झाडाखाली नाचले. नवऱ्याच्या सदऱ्यावर रक्त होतं, पण पाऊल एकही चुकलं नाही. मेव्हणा कोपऱ्यात बसून सुजलेल्या मुठीवर थंड बिअरचा पेला धरून होता आणि टाळ्या दुसऱ्या हातानं मांडीवर वाजवत होता.

आमच्या गाईलच्या खोऱ्यात माणसाची ओळख त्याच्या हातावरून होते. प्रीमसचे हात म्हणजे दोन फावडी. धंदा पत्र्याचा. ठोकरलेल्या, चेपलेल्या, उलटलेल्या गाड्या त्याच्या गोरियाख गावातल्या वर्कशॉपात यायच्या आणि हा आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हातोडी मारत मारत त्यांचं अंग पुन्हा सरळ करायचा. ठक ठक ठक. गावातला कोंबडा उशिरा आरवला तरी चालेल, पण प्रीमसची हातोडी सातला वाजलीच पाहिजे.

हे काम त्याला बापानं शिकवलं. बाप ग्रेगोर मूळचा घोड्यांना नाल ठोकणारा. घोडे कमी झाले तसा पोटासाठी गाड्यांकडे वळला, पण माणसं आणि घोडे यांत फरक करायला शेवटपर्यंत शिकला नाही. चुकलं की लाथ. ग्रेगोरचा एकच कायदा होता: लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, वापरायची नाही. पत्रा चेपला की आळशी कारागीर खड्डा ठोकून वर काढत बसत नाही. त्यात लांबीचा लगदा भरतो, वाळला की घासतो, वरून रंग मारतो. दिसायला झकास. ग्रेगोर म्हणायचा, "लांबी म्हणजे कोर्टातली खोटी साक्ष. आज सुटशील, उद्या पावसात फुगून वर येईल."

पंधराव्या वर्षी प्रीमसनं गुरांच्या डॉक्टरांच्या गाडीला मडगार्डवर चमचाभर लांबी भरली. जत्रेला जायची घाई होती. बापानं नखानं टिचकी मारली, आवाज ऐकला, आणि पोराला मानेला धरून खाली पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि डब्यातली लांबी पात्यानं खरवडून त्याच्या तोंडात घातली. "चाव." प्रीमसनं चावली. तीन दिवस दातांत कचकच होत होती आणि पुढचा एक दात तर कायमचा गेला. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं त्याच्या वर्कशॉपात लांबीचा डबा आला नाही. एकदा एका विक्रेत्यानं नमुना म्हणून आणला, तर तो डब्यासकट ओढ्यात गेला. विक्रेता.

आता उर्बानची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. उर्बान हा धाकटा भाऊ, प्रीमसपेक्षा चार वर्षांनी लहान, अंगानं काटकुळा, जिभेनं तिखट. आमच्याकडे पेंटेकॉस्टच्या सणाच्या सोमवारी गावातली बिनलग्नाची पोरं खोगीर न घालता थोराड घोड्यांवर बसतात आणि चौकातल्या खांबावर ठोकलेलं लाकडी पीप दौडत येऊन लोखंडी गदेनं फोडतात. एकामागून एक घोडा येतो, जमीन हादरते, गदा बसते, फळ्या उडतात, कधी कुणाचं मनगट उडतं. पिपाची शेवटची कडी जो पाडेल त्याला फुलांची माळ. अठ्ठ्याहत्तर साली ती माळ प्रीमसला मिळाली. दुपारी खानावळीत पिवळं आंबट सूप वाढलं गेलं, सगळे त्याच्या नावानं पेले उंचावत होते, आणि उर्बान बोलून गेला:

"अरे, पीप आधीच मोडलं होतं. प्रीमसनं नुसता वारा घातला."

सगळे हसले. प्रीमसही हसत होता. हसत हसतच त्यानं हातातला जाड काचेचा पेला फेकला. उर्बानचा डावा डोळा गेला.

त्या दिवशी प्रीमसनं भावाला त्याच घोड्यावर पुढ्यात घेऊन अकरा किलोमीटर, थेट इस्पितळात पळवलं. लोक सांगतात, वाटभर प्रीमसच गुरासारखा हंबरत होता. पण माफी? माफी त्यानं मागितली नाही. डोळ्याची पट्टी सुटल्यावर म्हणाला, "उद्यापासून माझ्याकडे रंगाला ये." उर्बान आला. आणि गंमत अशी की एका डोळ्यानं पत्र्यावरची लाट त्याला दोन डोळेवाल्यांपेक्षा नीट दिसायची. अडतीस वर्षं दोघं एकत्र राबले. या अडतीस वर्षांत प्रीमसचा हात वर गेला की उर्बान खाली वाकायचा. इतकी सवय की प्रीमस नुसती टोपी काढायला गेला तरी हा वाकायचा.

या सगळ्यात गाडी कुठं आली म्हणाल, तर गाडी पहिल्यापासून होतीच. प्रीमस विशीत होता तेव्हा ती गोल्फ जीटीआय निघाली. पुढच्या जाळीभोवती तांबडी रेघ, आत चौकड्यांच्या कापडाच्या सीटा, गिअरच्या दांड्यावर गोल्फचा चेंडू. दिसायला शिध्याचा डबा. पण घाटात शिरली की श्रीमंतांच्या लांबलचक गाड्यांच्या तोंडाला फेस आणायची. आमच्या पोरांना तर वेडच लागलं. तळ्याकाठी, राइफनिट्झला, दर मे महिन्यात या गाड्यांचा मेळा भरायला लागला आणि बघता बघता अख्ख्या युरोपातून माणसं लोटायला लागली. तिथं दगडात कोरलेली गोल्फसुद्धा उभी आहे. देवाला नाही एवढे हार तिला.

मेळ्याला या गाड्या बनवणारा कारखानाही यायचा, आणि येताना एखादी कल्पनेतली गाडी घेऊन यायचा. विकायची नाही, नुसती दाखवायची. हीच गोल्फ जीटीआय, पण स्वप्नात पडलेली. एका वर्षी मागच्या सीटच्या जागी बारा सिलिंडरांचं इंजिन बसवलेलं, ढुंगण गाभण म्हशीसारखं रुंद. मग शिकाऊ पोरांनी बनवलेल्या आल्या, एक छप्पर नसलेली, एक अख्खी गाणं गाणारी. लोक माना वाकड्या करकरून फोटो काढायचे.

त्या रुंद ढुंगणाच्या गाडीपुढं प्रीमस हात मागं बांधून अर्धा तास उभा होता. मग मोठ्यानं म्हणाला, "ही जीटीआय नाही. लग्नाच्या केकवर बसलेलं डुक्कर आहे."

शेजारी इंजिनिअर ट्राटनिग उभे होते. क्लागेनफुर्टात यांची चकचकीत काचेची तीन दुकानं. गाड्या सजवून द्यायचे, दरवर्षी मेळ्याला स्वतःचीही एक आणायचे. आमच्याकडे माणूस मेला तरी पदवी मरत नाही, म्हणून लोक त्यांना इंजिनिअरसाहेबच म्हणत. ते हसले.

"मग तूच बनव की, यानाख. लांबी माझ्या दुकानातून ने. पिंपभर लागेल, सवलतीत देईन."

इंजिनिअरसाहेबांचे वरचे दोन दात मेळ्याच्या गवतात शोधावे लागले. एक सापडला.

प्रीमसला तीन दिवस पोलीस चौकीत काढावे लागले. बाहेर आला तो ठरवूनच. घरी जाऊन लोनीला म्हणाला, "मी बनवणार. तळ्यावर कारखान्याच्या गाडीच्या शेजारी उभी करणार."

"कोण उभी करू देईल तुला?"

"मास्टर ब्रांडेस."

हे मास्टर ब्रांडेस म्हणजे कारखान्यातले निवृत्त उस्ताद. चाळीस वर्षं शिकाऊ पोरांना पत्रा शिकवलेला माणूस, ऐंशीच्या घरातला, वाळक्या शेंगेसारखा. मेळ्यात घरी बनवलेल्या गाड्यांमधून दरवर्षी एक गाडी ते निवडायचे, आणि ती गाडी शनिवारी तळ्यावरच्या मंचावर कारखान्याच्या गाडीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहायची. बक्षीस म्हणाल तर एवढंच. पण प्रीमसला दुसरं काही नकोच होतं. बाप गेला तेव्हा रडला नव्हता तो या मंचाचं नाव काढलं की डोळे पुसायचा.

नऊ वर्षं लागली. खालचा सांगाडा एका अपघातातल्या जीटीआयचा. ती डोंगरउतारावरून तीन बांध उलटत खाली आली होती आणि तिच्या स्टिअरिंगमध्ये मालकाचे दात रुतलेले होते. प्रीमसनं ते उपटले, खिळ्यांच्या डब्यात ठेवले आणि कामाला लागला. वरचं सगळं अंग नवं, सपाट पत्र्यातून हातानं ठोकलेलं. कल्पना एकच: ही गाडी कारखान्यात न जन्मता गाईलच्या खोऱ्यात जन्मली असती तर? म्हणून तिच्या मागच्या मांड्या आमच्या थोराड घोड्यांसारख्या भरलेल्या. कुशी पिपाच्या फळ्यांसारख्या किंचित फुगलेल्या. आत दोनच सीटा, आणि मागच्या सीटच्या जागी चामड्याच्या पट्ट्यांत अडकवलेली अठ्ठ्याहत्तर सालची लोखंडी गदा. छपरापासून चाकापर्यंत उतरणारा मागचा रुंद खांब, ज्यावरून ही गाडी अंधारात चाचपूनही ओळखावी, तो त्यानं एकाच पत्र्यातून काढला. डावीकडचा एकटा खांब अकरा आठवडे. बोटं फुटायची, नखं काळी व्हायची, एकदा ठोकळा निसटून अंगठ्याचं हाड चिरलं. हा अंगठा फडक्यात बांधून परत ठक ठक.

आणि मग मेळ्याच्या महिनाभर आधी ती चूक झाली.

रंगाआधी उर्बान नेहमीसारखा गाडीभोवती वाकून फिरत होता. थांबला. म्हणाला, "प्रीमस, डावी मांडी उजवीपेक्षा केसभर खाली आहे."

"काय?"

"केसभर."

"एका डोळ्यानं दिसलं तुला?"

"त्याच एका डोळ्यानं दिसलं, दुसरा तू ठेवलास कुठं?"

प्रीमसच्या हातात हातोडी होती. ती सुटली. उर्बान वाकला. प्रीमस त्याच पावली दार आपटून बाहेर पडला, खानावळीत गेला, आणि तिथं तीन शिकाऱ्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं म्हणून त्यांच्यावर तुटून पडला. साठ वर्षांचा माणूस! एकाचा जबडा मोडला, एकाला खिडकीतून बाहेर दिला, तिसऱ्यानं मात्र बाकडं उचलून याच्या दोन फासळ्या मोडल्या. दहा दिवस इस्पितळात.

हातोडी कुठं बसली हे त्यानं पाहिलंच नव्हतं. उर्बाननं पाहिलं. अकरा आठवड्यांच्या त्या डाव्या खांबात, बरोबर मध्यावर, बोट जाईल एवढा खड्डा.

उर्बान त्या खड्ड्यासमोर दिवसभर बसून होता. भावाला सांगावं, तर तो इस्पितळातून उठून येईल आणि आधी गाडीचा नाहीतर आपला चुराडा करेल. ठोकून वर काढावं, तर तो हात आपला नाही. शेवटी तो बसनं फिलाखला गेला आणि कोटाच्या आत लपवून लांबीचा एक डबा घेऊन आला. दोन चमचे. घासली, अस्तर मारलं, वर गाडीभर गडद तांबडा रंग चढवला. डबा परसात पुरला.

प्रीमस घरी आला, गाडीभोवती फिरला, डाव्या खांबावरून तळवा फिरवला. "उर्बान," तो म्हणाला, "लोण्यासारखं झालंय रे." अडतीस वर्षांत केलेलं हे पहिलं कौतुक. उर्बानला त्या घटकेला धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

मेळ्याचा शुक्रवार. तळ्याकाठचा सगळा रस्ता गाड्यांनी ठासून भरलेला, रबर जळाल्याचा धूर, भाजलेल्या सॉसेजचा वास, इंजिनांचा असा गडगडाट की शेजाऱ्याला शिवी द्यायची तर हातानं द्यावी. प्रीमसची गाडी गवतावर उभी राहिली तशी गर्दी सरकत सरकत तिच्याभोवती जमली. कुणी ओरडत नव्हतं. लोक नुसते मांडीवरून हात फिरवत होते, घोड्याच्या फिरवतात तसा. लोनीनं घरचा राइंडलिंग, म्हणजे दालचिनीचा गोड पाव, आणि धुरी दिलेल्या स्पेक मांसाचे काप आणले होते, ती येईल त्याच्या हातावर ठेवत होती.

मास्टर ब्रांडेस काठी टेकत आले. गाडीला एक फेरी मारली. दुसरी मारली. मग डाव्या बाजूला थांबून म्हणाले, "यानाखसाहेब, हे सगळं हातानं?"

"हातानं."

"लांबी?"

"चमचाभरही नाही. असली तर माझं नाव खोडा आणि मला तळ्यात फेका."

"व्वा!" मागून आवाज आला. इंजिनिअर ट्राटनिग, वरचे दोन दात पोर्सेलिनचे. "एवढी सफाई हातानं? मास्टर, मी या धंद्यात तीस वर्षं आहे. रंगाखाली किलोभर माल आहे, लिहून देतो. खोऱ्यातल्या लोकांना लगदा थापायची सवय असते. भिंती तशाच सारवतात ना हे."

गर्दीत कुणीतरी हसलं. मास्टर ब्रांडेस म्हणाले, "थांबा, थांबा, त्याला उपाय आहे," आणि त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला. पण ऐंशी वर्षांचा हात, आणि खिशात चष्म्याचं घर, रुमाल, गोळ्यांची डबी. वेळ लागत होता.

आमच्या खोऱ्यातल्या माणसाला वेळ लागत नाही. आमच्याकडे वस्तू खरी की खोटी हे फोडून बघतात. लांबी असेल तर तडकेल, खपली पडेल. पत्रा असेल तर नुसता वाकेल. प्रीमसनं मागचं दार उघडलं, चामड्याचे पट्टे सोडले आणि गदा बाहेर काढली.

"प्रीमस!" लोनी किंचाळली.

पहिला घाव बॉनेटवर. तळ्यापलीकडं आवाज गेला. नऊ वर्षांचं बॉनेट ताटलीसारखं आत गेलं, तांबडा रंग भेगाळला, पण खपली पडली नाही. "बघा!" प्रीमस गरजला. "पत्रा!" दुसरा छपरावर. काच चुरा होऊन सीटांवर सांडली. "पत्रा!" तिसरा दारावर. त्याच्या बरगड्या अजून सांधल्या नव्हत्या, प्रत्येक घावाला तोंडातून कण्हणं निघत होतं, कपाळावर काचेचा कण लागून रक्त भुवईतून डोळ्यात उतरत होतं, आणि चेहरा असा उजळलेला की जणू तो पुन्हा बावीस वर्षांचा होऊन उघड्या पाठीच्या घोड्यावर बसलाय. गर्दीनं आता ताल धरला होता. घाव बसला की हजार गळे: "पत्रा!"

एवढ्यात मास्टर ब्रांडेसना खिशात हवं ते सापडलं. नाण्याएवढं लोहचुंबक.

"यानाखसाहेब," ते काकुळतीला येऊन म्हणाले, "अहो, हे लावून बघायचं होतं. पत्र्याला चिकटतं, लांबीवरून घसरतं. एवढंच होतं हो."

मग अशी खसखस पिकली की स्वतः प्रीमसही गदा टेकवून पोट धरून हसायला लागला, हसताना फासळी धरून शिव्या द्यायला लागला. "लावा!" तो म्हणाला. "आता सगळीकडे लावा! साहेबांच्या डोळ्यादेखत लावा!"

चुंबक बॉनेटवर लावलं, चिकटलं. छपरावर, चिकटलं. उजव्या मांडीवर, उजव्या खांबावर, मागच्या दारावर, टक, टक, टक. मास्टर डावीकडे वळले. तिथं उर्बान उभा होता, खांबाला पाठ लावून.

"सरक," प्रीमस म्हणाला.

"नाही."

"अरे, सरक की वेड्या."

"प्रीमस, झालं एवढं बस झालं. घरी चल."

प्रीमसनं त्याला कॉलरला धरून बाजूला केलं. मास्टरांनी चुंबक खांबाच्या मध्यावर टेकवलं आणि हात काढला. ते गवतात पडलं.

त्यांनी वाकून उचललं, पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. इंजिनिअर ट्राटनिगांनी आपल्या नव्या दातांवरून जीभ फिरवली.

प्रीमस हळूहळू भावाकडं वळला. रंगाचं काम या कुटुंबात एकच माणूस करत होता. गदा वर गेली. लोनी पुढं धावली, दोघांनी तिला मागं ओढलं. एवढ्या गर्दीत प्रत्येकाला ठाऊक होतं की आता काय होणार, आणि ज्यांना हे दोघे भाऊ माहीत होते त्यांना हेही ठाऊक होतं की उर्बान आता वाकणार.

उर्बान वाकला नाही. डोळा मिटला नाही. ताठ उभा राहून म्हणाला:

"मागच्या वेळी वाकलो, म्हणूनच हे झालं."

गदा वरच थांबली. प्रीमसच्या डोक्यात ते वाक्य शिरायला वेळ लागला. मग गदा खाली आली. उर्बानच्या डोक्याजवळून, कान फाडत, खांबावर. रंग फुटला आणि खपल्या पडल्या, पिवळट, चुऱ्यासारख्या. खालून खड्डा उघडा पडला. गोल, स्वच्छ काठाचा, आणि एका बाजूला काठ तुटका. प्रीमसच्या हातोडीच्या तोंडाचा तो टवका सैन्यातून आल्यापासून होता. दुसऱ्या कुणाच्या हातोडीला तसा नव्हता.

त्यानं खड्ड्यात बोट घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही. उर्बानचं रक्त खांबावरून ओघळत त्याच्या मनगटापर्यंत आलं.

"सांगितलं का नाहीस?"

"तुला?" उर्बान कान दाबत म्हणाला. "तुला कुणी काय कधी सांगितलंय, प्रीमस?"

प्रीमस गदा गवतावर टाकून पंचांच्या टेबलाकडे गेला, यादी ओढली, तिथला पेन घेतला आणि आपल्या नावावर रेघ मारली. एवढी दाबून मारली की खालचे दोन कागद फाटले. मास्टर ब्रांडेस मागोमाग आले. "यानाखसाहेब, एवढीशी लांबी म्हणजे..." "मी शब्द दिला होता," प्रीमस म्हणाला. "चमचाभरही नाही म्हणालो होतो. आता तळ्यात फेका." ते म्हातारे हात आकाशाकडे करून नुसते उभे राहिले. मंचाकडं त्यानं एकदा पाहिलं. तिथं कारखान्याची गाडी पांढऱ्या चादरीखाली होती आणि शेजारची जागा झाडून ठेवलेली होती.

आणि इथं इंजिनिअरसाहेबांना राहवलं नाही. गर्दीकडं तोंड करून ते म्हणाले, "पाहिलंत? यानाखांचा शब्द! एका भावाची गदा आणि दुसऱ्याची लांबी!"

प्रीमसच्या खांद्याचे स्नायू हलले. पण त्याच्या आधी काहीतरी काटकुळं त्याच्या काखेखालून गेलं. उर्बान! जन्मात ज्यानं माशीला हाकललं नव्हतं तो उर्बान, फाटका कान लोंबतोय, अर्धं तोंड रक्तानं माखलेलं, त्यानं इंजिनिअरसाहेबांच्या थेट तोंडावर गुद्दा घातला. पोर्सेलिन फुटल्याचा आवाज वेगळाच असतो. साहेब उताणे. उर्बान त्यांच्या छातीवर. अडतीस वर्षांचा साठा होता तो, एक एक गुद्दा मोजून बाहेर पडत होता, आणि तो काय ओरडत होता तर, "केसभर खाली होती! केसभर खाली होती!" त्याचा ट्राटनिगांशी काय संबंध, हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही.

प्रीमस धावला आणि त्यानं भावाला मागून कवळ्यात धरून उचललं. आयुष्यात पहिल्यांदा तो मारामारी सोडवत होता, त्यामुळं कुठं धरायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. उर्बाननं मागं डोकं हाणलं आणि थोरल्या भावाचं नाक चौथ्यांदा मोडलं.

पोलीस आले. पुढं होता मारिंगर, जुना माणूस, प्रीमसला ओळखणारा. त्यानं बघितलं: साहेब आडवे, गाडी चेचलेली, गवतावर गदा, प्रीमस रक्तानं भिजलेला. सवयीनं प्रीमसचाच दंड धरला.

"चल, प्रीमस. फासळ्या बऱ्या झाल्या वाटतं."

"मी नाही," प्रीमस नाकातून रक्ताचे बुडबुडे काढत म्हणाला.

"दरवर्षी तेच म्हणतोस."

"अहो मारिंगर, देवाशप्पथ मी नाही! हा!"

मारिंगरनं उर्बानकडं पाहिलं, मग लोनीकडं, मग गर्दीतल्या शेकडो माणसांकडं. सगळ्यांनी मान हलवली. साहेबांनीही पडल्या पडल्या बोट उर्बानकडं केलं. मारिंगरनं टोपी काढून डोकं खाजवलं. "उर्बान?" तो म्हणाला. "हा उर्बान?"

"हाच," उर्बान म्हणाला, आणि दोन्ही हात पुढं केले.

डॉक्टरनं कानाला सात टाके घातले आणि मग उर्बानला चौकीत बसवलं. प्रीमस बाहेर पायऱ्यांशेजारच्या बाकावर बसला. नाकात लोनीच्या रुमालाचे बोळे. आत जायला बघत होता, मारिंगरनं दोनदा हाकललं. तळ्यावरून संध्याकाळचं गाणं ऐकू येत होतं, गर्दीचा गलका येत होता. प्रीमस उठायचा, बसायचा, खिडकीतून डोकवायचा, परत बसायचा.

"आतून काही आवाजसुद्धा येत नाही," तो म्हणाला. "मारत असतील का त्याला?"

"राइंडलिंग खातोय तो. मीच दिलाय आत," लोनी म्हणाली.

"किती वेळ ठेवतील?"

"तुला तीन दिवस ठेवायचे."

"तीन दिवस!" तो घाबरून म्हणाला. "मग बाहेरचा माणूस काय करतो तीन दिवस?"

लोनीनं ताटलीतला उरलेला तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि बाकावर जरा सरकून त्याला नीट बसायला जागा करून दिली.

"मला विचार की," ती म्हणाली.